मोकळी चौकट

पाषाणच्या टेकडीमागे असलेल्या चित्रबीज प्रयोगशाळेत डॉ. कौमुदी सामंत सकाळी आली तेव्हा तिचे भावोजी स्वागतकक्षात बसले होते. हेरंब नाईक. वेंगुर्ल्याच्या शाळेत भूगोल शिकवणारा हा माणूस न कळवता कधी कुणाच्या दारात उभा राहत नसे. रात्रभर प्रवास करून आले होते, आणि समोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"शाल्मली बरी आहे ना?" कौमुदीने आधी तेच विचारलं.

"ती बरी आहे. आईकडे ठेवून आलोय." त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "केतकी फोटोतून गेली गं."

कौमुदीला आधी अर्थच लागला नाही. केतकी म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. पशुवैद्य होती. शाल्मली चार वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती.

फोनवर शाल्मलीच्या बारशाचा फोटो उघडा होता. पाळणा, त्यात बाळ, मागे स्वच्छ मोकळी भिंत. कौमुदीला ती दुपार चांगली आठवत होती. ताई पाळण्यावर ओणवी झाली होती आणि कुणीतरी "इकडे बघ" म्हटल्यावर अर्धवट वळून हसली होती. त्या जागी आता भिंत होती.

भावोजींनी पुढचा फोटो काढला. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर दोन वर्षांची शाल्मली एकटीच उभी. "इथं केतकीने तिचा हात धरला होता. शाल्मलीचा हात वर होता, असा. आता बघ."

पोरीचा हात सरळ खाली लोंबत होता. वाळूवर फक्त तिच्या पावलांचे ठसे होते.

"मी रोज बघतो हे फोटो," भावोजी म्हणाले. "शिमग्यापर्यंत ती होती. मग कडेला जरा पुसट वाटायला लागली. मला वाटलं डोळ्यांचा नंबर वाढला."

कौमुदीने त्यांना अतिथिगृहात झोपायला पाठवलं आणि फोन घेऊन ती तडक नौशाद मुजावरच्या खोलीत गेली. मिरजेचा नौशाद यंत्रणेच्या गाभ्याचं काम बघायचा. बोलायला फटकळ, पण कामात त्याच्याइतका चोख माणूस प्रयोगशाळेत दुसरा नव्हता.

चित्रबीजाची कल्पना मुळात माणसांच्या लाजेतून निघाली होती. फोटोंच्या तऱ्हा भराभर बदलत. एका काळी सगळ्यांना भडक रंग हवे होते, मग चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले, मग मागचं सगळं धूसर करायची लाट आली, मग जुन्या फिल्मचे दाणे आणि फ्लॅशचा कच्चा झोत मुद्दाम घालायची. प्रत्येक लाट आता कायमची राहणार असं वाटायचं, आणि ती ओसरली की लोकांना आपलेच फोटो बघवत नसत. मग ते पुसून टाकले जात. कौमुदी आणि तिच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. कॅमेऱ्याने चित्र साठवायचंच नाही, फक्त त्याचं बीज साठवायचं: कोण आहे, कुठे आहे, उजेड कुठून येतो. फोटो उघडला की त्या बीजातून त्या वेळच्या पसंतीचं चित्र उगवतं. फोटो कधीच जुना दिसत नाही. देशातल्या जवळजवळ प्रत्येक फोनने ही पद्धत उचलली होती.

नौशादने शाल्मलीच्या बारशाचं बीज उलगडलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"बीजातच नाहीये तुझी बहीण."

"बीज बदलत नाही, नौशाद. बदलते ती शैली."

"बीज कुठल्या भाषेत लिहिलेलं असतं?"

"यंत्रणेच्या."

"आणि यंत्रणा दर हंगामाला नवं शिकते. जुनी भाषा किती दिवस सांभाळायची? म्हणून फोटो एकदा उघडला की त्याचं बीज नव्या भाषेत परत लिहिलं जातं, आणि पुढे दर हंगामाला आपोआप. हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. आता नव्या भाषेत एखाद्या गोष्टीला शब्दच नसेल तर?"

कौमुदीला उत्तर ठाऊक होतं. आशय कुठला आणि शैली कुठली हे यंत्रणेने कसं ओळखायचं, तो नियम तिनेच मांडला होता. लोक जे जपतात तो आशय, लोक जे टाकून देतात ती शैली. नियम साधा होता आणि आजवर बिनचूक चालला होता.

"मोकळी चौकट," ती म्हणाली.

"तीच." नौशादने पडद्यावर आलेख आणला. गेल्या वर्षीपासून मोकळ्या चौकटीची लाट होती. फोटोत एकच माणूस, भोवती रिकामी जागा. बाजूची माणसं लोक बोटाने पुसून टाकत होते, सहलीतली, लग्नातली, वाढदिवसातली, कोट्यवधी फोटोंतून. "यंत्रणेने काय शिकायचं यातून? की बाजूची माणसं म्हणजे शैली. धूसर पार्श्वभूमीसारखी. तिने ती बीजात लिहिणं सोडून दिलं."

"पण केतकी आई होती त्या मुलीची. बाजूचं माणूस नव्हती."

"फोटो कुणाच्या खात्यावर आहे?"

"भावोजींच्या. ताई गेल्यावर त्यांनी तिचं खातंही आपल्या खात्यात मिळवून घेतलं."

"मग मुख्य माणूस तेच. आणि मूल मधोमध असेल तर मूल." त्याचा आवाज खाली आला. "एकटीचे फोटो नाहीत तिचे?"

नव्हते. केतकी कायम कडेला उभी राहायची, कारण तिला कायम कुठल्यातरी गोठ्यात जायची घाई असायची. एकटीचा काढायला गेलं की पाठ फिरवून हसायची. सरकारी कार्यालयांत ओळख पटवायची ती बुबुळांवरून, त्यामुळे तिथेही तोंड कुठे नोंदलेलं नव्हतं. कौमुदीच्या स्वतःच्या फोनवर दोघी बहिणींचे कितीतरी फोटो होते. तिने दिवाळीत ते सगळे हौसेने उघडून बघितले होते.

आता ते उघडायची तिला गरज नव्हती. त्यांत कोण उरलं असेल हे ती जाणून होती.

"म्हणजे जो जितक्या मायेने बघेल, त्याचा फोटो तितका लवकर पुसला जातो," ती म्हणाली.

"न उघडलेले अजून शाबूत आहेत," नौशाद म्हणाला. "त्यांची बीजं जुन्या भाषेत पडून आहेत. असा एखादा कुणाकडे असेल तर बघ. मात्र उघडायचा नाही. तसाच माझ्याकडे आण, मी जुनी भाषा लावून वाचतो."

दुपारभर कौमुदी नातेवाइकांना फोन लावत होती. बहुतेकांनी गणपतीत, दिवाळीत, लग्नसराईत जुने फोटो चाळले होते. शेवटी कोल्हापूरच्या सुमनमावशीचा फोन लागला. केतकीच्या पदवीदानाला मावशी हजर होती आणि त्यानंतर तो फोटो तिने बघितलेला नव्हता.

"मावशी, नीट ऐक. तो फोटो उघडू नकोस. फक्त आहे एवढं सांग, मी स्वतः येऊन घेऊन जाते."

"आहे की. कुठे जाणार आहे?"

"उघडू नकोस हं. शपथ आहे माझी."

"नाही गं बाई, कशाला उघडू? थांब, तोच आहे का बघते, नाहीतर तुझी खेप फुकट जायची..."

"मावशी!"

मग मावशीचा गोंधळलेला आवाज आला. "अगो, यात तर मी एकटीच उभी आहे. केतकी होती ना माझ्याशेजारी? काळा झगा घालून?"

कौमुदीने हळूच फोन ठेवला. त्या दिवशी तिने आणखी कुणालाही विचारलं नाही. विचारलं की माणूस उघडून बघणारच होता.

तिने अहवाल दिला, संचालक मंडळासमोर उभी राहिली, हे सगळ्या देशाचं झालं आहे हे पटवून दिलं. मंडळाने टाळाटाळ केली नाही. बीजं परत लिहिण्याची पद्धत बंद झाली. ज्या घडीला जे बीज जसं असेल तसं ते गोठवायचं, पुढे बदलेल ती फक्त वरची शैली, असं ठरलं. न उघडलेले लाखो फोटो त्यामुळे वाचले. उघडलेल्यांसाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जे पुसलं गेलं होतं ते पुसलेलंच गोठलं.

भावोजींना तिने सगळं सरळ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मी बघितलंच नसतं तर राहिली असती?"

"हो," कौमुदी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

मोकळी चौकट मात्र टिकली नाही. कुठलीच लाट टिकत नाही, तशी तीही वर्षभरात विटली. रिकाम्या फोटोंतली एकटी माणसं बघून लोकांना उदास वाटायला लागलं. कुणी म्हणे घर हॉटेलासारखं दिसतं, कुणी म्हणे आपलं कुणी नाहीच असं वाटतं. बघता बघता उलटी लाट आली. तिला लोकांनीच नाव दिलं, गोतावळा. फोटो भरलेला हवा. खांद्याला खांदा, मांडीवर मूल, मागे डोकावणारे चेहरे. नौशादने कौमुदीला नवा आलेख दाखवला.

"बीजं तर गोठलेली आहेत," कौमुदी म्हणाली.

"बीजं गोठलेली आहेत. पण शैलीला आता माणसं हवीत. आपणच तिला सांगितलंय ना, की बाजूची माणसं हा शैलीचा भाग आहे? मग शैली ती माणसं स्वतःहून आणणार, जशी धूसर पार्श्वभूमी आणत होती. जागेला शोभतील अशी."

कौमुदीने त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याची गाडी धरली.

ती पोचली तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. शाल्मली आता आठ वर्षांची होती. ती धावत आली आणि मावशीला हाताला धरून ओढतच ओटीवर घेऊन गेली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बारशाचा फोटो होता. पाळण्याभोवती गर्दी होती. बायका, काका, आज्या, सगळी हसतमुख, आणि त्यांतलं एकही माणूस कौमुदीच्या ओळखीचं नव्हतं. पाळण्यावर एक तरुण बाई ओणवी झाली होती.

"मावशी, आई परत आली फोटोत! बघ ना, तिचं नाक अगदी माझ्यासारखं आहे."

शाल्मलीचं नाक नाईकांचं होतं, सरळ आणि टोकदार. केतकीचं नाक बसकं होतं, त्यावरून तिला लहानपणी सगळे चिडवायचे. यंत्रणेला मूल माहीत होतं. मुलाच्या चेहऱ्यावरून तिने जागेला शोभेल अशी आई बेतली होती.

भावोजी दारात उभे होते. त्यांनी कौमुदीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना कळलेलं होतं, आणि त्यांनी मुलीला सांगितलेलं नव्हतं.

कौमुदी शाल्मलीजवळ जमिनीवर बसली. "बाळा, ही तुझी आई नाही. ही कुणीच नाही. यंत्राने काढलेली बाई आहे ती."

शाल्मलीचा चेहरा उतरला. तिने बापाकडे पाहिलं. बापाने नाही म्हटलं नाही, हेही तिला दिसलं.

"मग माझी आई कशी होती?"

"सावळी होती," कौमुदी म्हणाली. "डोळे मोठे. केस दाट, कायम वेणी घातलेली. हसताना एक खांदा वर उचलायची. नाक बसकं होतं."

"बसकं म्हणजे?"

"म्हणजे... तुझ्यापेक्षा जरा लहान. रुंद." कौमुदीने बोटांनी हवेत दाखवायला घेतलं आणि बोटं मध्येच थांबली. किती रुंद? ती कपाळ आठवू लागली, ओठ आठवू लागली. हातात एकेक शब्द येत होता, आणि शब्दापलीकडे काही येत नव्हतं. "आणखी... गोरगरिबांच्या गाई फुकट बघायची. खूप प्रेमळ होती."

शाल्मली लक्ष देऊन ऐकत होती. मग ती उठून पडद्याजवळ गेली आणि बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवत एकेक गोष्ट ताडून पाहू लागली. सावळी. मोठे डोळे. वेणी. एक खांदा खरंच जरा वर होता.

"नाक थोडं रुंद करू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन बोटांनी ते ओढलं. "आता झाली का आई?"

कौमुदीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मागून भावोजींनी विचारलं, अगदी हळू, जणू त्यांनाही ते खरंच जाणून घ्यायचं होतं, "झाली का गं, कौमुदी?"

"मला नाही सांगता येत, भावोजी," ती म्हणाली.

शाल्मलीने फोटो जपून ठेवला.