दुहेरी शिलाई

“वेगळं घर? कुणाचं वेगळं घर?”

ताईच्या हातातली कात्री हवेतच थांबली. समोर तिचा धाकटा भाऊ मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, त्याची बायको. बाहेर फाटकाशी त्याची निळी स्पोर्ट्स कार उभी होती. आठ दिवस डोळ्यांत तेल घालून ताईने तिच्या सीटची कव्हरं शिवली होती आणि तासाभरापूर्वीच ती चढवून झाली होती. भाऊ शाबासकी द्यायला आला असेल, म्हणून ती बिचारी हसतच उठली होती!

“आमचं, ताई,” भाऊ चाचरत म्हणाला. “कारखान्याजवळ दोन खोल्या मिळतायत. माझे येण्याजाण्यातच तीन तास जातात. हिचा दवाखानाही तिथून पायी आहे. परवा हो म्हणून सांगायचंय.”

“आणि मी?”

भावाने वळून बायकोकडे पाहिलं. अर्धाच क्षण गेला असेल, पण त्या अर्ध्या क्षणात ताईच्या अंतःकरणात बावीस वर्षांचं काहीतरी कोसळलं.

“म्हणजे ठरवूनच चाललंय सगळं! दोन माणसांची गाडी, दोन माणसांच्या खोल्या… आणि मला मूर्खाला वाटलं, पोराला हौस आहे, पुरवू या! ज्यासाठी मी माझा संसार मांडला नाही, तो आज मला सांगायला आलाय की तुझी जागा नाही!”

“ताई, मी असं म्हटलं का?”

“म्हणायला कशाला हवं? जा! खुशाल जा! पण एक लक्षात ठेव, ती गाडी तुला लाभायची नाही!”

शब्द तोंडातून गेले. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या बायकोने एकदाच ताईकडे पाहिलं, नवऱ्याचा हात धरला आणि दोघं आत निघून गेली. ताई तिथेच मशीनशेजारी बसून राहिली, आणि आपण हे काय बोललो, हे कळूनही तिची जीभ काही ते परत घेईना.

बाजारात तिला सगळे ‘सीटवाली ताई’ म्हणत. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, भाऊ नऊ वर्षांचा. आई तर त्याआधीच गेली होती. मागे उरलं ते घराला लागूनच असलेलं वडिलांचं गाड्यांच्या गाद्या शिवायचं दुकान, एक जड शिलाई मशीन आणि क्षणभरही एका जागी न बसणारा तो भाऊ. भिंगरीसारखा फिरायचा, म्हणून तिने त्याचं नावच भिंगरी ठेवलं. तिला दोन स्थळं सांगून आली होती. पहिले लोक म्हणाले, भावाला वसतिगृहात ठेवा. दुसरे म्हणाले, दुकान विका. तिने दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्यानंतर टेम्पो, बस, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांच्या सीट तिच्या हाताखालून गेल्या. तिची टीप कधी उसवली नाही. “गाडी मोडेल, पण ताईची शिलाई सुटायची नाही,” असं ड्रायव्हर लोक म्हणायचे, आणि ते ऐकून ही बाई, जी कुणाच्या गोड बोलण्याला भुलायची नाही, ती अगदी वितळून जायची.

आणि भिंगरीची हौस काय विचारता! कुणीतरी वापरून विकायला काढलेली ती दोन सीटची कार त्याने आणली आणि महिनाभर सुट्टीच्या दिवशी त्याचं डोकं बॉनेटखाली आणि पाय रस्त्यावर. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि पाना घेऊन भिडायचा. स्टिअरिंगला नवं वेष्टन चढवलं, गिअरचा गोळा बदलला, पेडलवर चकचकीत पत्रे बसवले, मागे डिकीवर पंखासारखी एक पट्टी ठोकली.

“शेपूट लावलंस का रे गाडीला?” ताईने विचारलं होतं.

“त्याला स्पॉयलर म्हणतात, ताई!”

“नावातच बिघडवणं आहे, तर लावतोस कशाला!”

दोघं पोट धरून हसली होती. मग त्याने व्हिडिओ बघूनच दोन्ही सीट खोलून दुकानात आणल्या. कंपनीची कव्हरं विटली होती, बसायच्या जागी तडकली होती. “ताई, गाडीत बाकी सगळं माझ्या हातचं आहे, पण सीट तुझ्याच हातच्या हव्यात,” तो म्हणाला. त्या वाक्यावर ताईने किती वर्षं जपून ठेवलेलं विटकरी रंगाचं अस्सल लेदर बाहेर काढलं.

जुनी कव्हरं तिने न उसवता अलगद काढली आणि त्यांच्यावरून माप घेतलं. तेव्हा पाठीच्या कडेची शिलाई बघून तिला हसूच आलं. एकेरी टीप, तीही कच्च्या दोऱ्याची! नखाने ओढली तर सुटेल! शेजारी बोटभर कापडाची एक पट्टी शिवलेली होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. कंपनीची खूण असेल झालं, म्हणून तिने तिकडे लक्षही दिलं नाही. “एवढी महागाची गाडी आणि शिलाई ही!” असं पुटपुटत तिने त्याच जागी नायलॉनचा जाड दोरा घेतला आणि दुहेरी टीप मारली. भिंगरी बसणार होता ना त्या सीटवर! शेजारी त्याची बायको बसणार होती. त्या दोन कडांवर ताईने जेवढा जीव ओतला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुठल्या शिलाईत ओतला नसेल.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको पठारावर फिरायला म्हणून निघाली. आठवडाभर आधी ठरलेलं होतं. जाताना भाऊ दुकानापाशी थबकला, पण ताईने मान वर केली नाही. मशीनचं चाक उगाच फिरवत राहिली. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरून गेला, तेव्हा तिने डोळे पुसले आणि स्वतःलाच चार शिव्या दिल्या.

नऊच्या सुमारास समोरच्या गॅरेजमधले डेंटिंगवाले काका आले. हे वडिलांचे स्नेही, गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकण्यात यांची हयात गेली. हात ग्रीसने माखलेले.

“पोरी, पुसायला काही चिंधी आहे का? हे जुनं कव्हर घेऊ?”

“घ्या की. आता काय करायचंय ते ठेवून!”

काकांनी भिंगरीच्या सीटचं कव्हर उचललं, हात पुसायला म्हणून उलटं केलं आणि ते एकदम थांबले. ती बोटभर पट्टी त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

“हे… हे आपल्या भिंगरीच्या गाडीचं?”

“हो. का?”

“अगं, हिच्या सीटच्या कडेत एअरबॅग आहे! इथे लिहिलंय की. बाजूने धडक बसली की ही हवेची पिशवी फुगून कड फाडून बाहेर येते, माणसाच्या आणि दाराच्या मध्ये. म्हणून तर कंपनी तिथे मुद्दाम कच्च्या दोऱ्याने शिवते. फाटायलाच ठेवलेली असते ती शिलाई!”

ताईच्या कानात दडे बसले.

“आणि… फाटली नाही तर?”

“तर पिशवी आतच अडकेल, नाहीतर भलतीकडूनच फुटेल. पोरी, तू कशी टीप मारलीस तिथे?”

“दुहेरी,” ताई म्हणाली. तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “नायलॉनच्या दोऱ्याची… दुहेरी.”

काकांनी ते कव्हर मशीनवर ठेवलं. ताईच्या डोळ्यांसमोर पठारावर जाणारा तो वळणावळणाचा रस्ता आला, त्यावरचे भरधाव ट्रक आले, आणि कालचं तिचंच वाक्य तिच्या छातीवर येऊन बसलं. लाभायची नाही म्हणाली होती ना ती! देवा रे, शिव्याशाप तर रागाने दिले होते; पण त्याच्याही आधी, इतक्या मायेने, आपल्याच हाताने आपण हे काय करून ठेवलं!

तिने भावाला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी तिने भावजयीला लावला.

“बोला, ताई.” आवाज कोरडा होता.

“कुठे आहात? गाडी थांबवा! आहात तिथे कडेला घ्या!”

“घाट आताच सुरू होतोय. का? काय झालं?”

“सीटमध्ये गडबड आहे. पुढे जाऊ नका. मी येते.”

पलीकडे भावजयीने फोनचा स्पीकर चालू केला, नवऱ्यालाही ऐकू जावं म्हणून. मग ती दुखावल्या स्वरात म्हणाली, “ताई, काल तुम्ही बोललात, आम्ही ऐकून घेतलं. आज एक दिवस तरी आम्हाला सुखाने जाऊ द्या ना!”

मागून भिंगरीचा आवाज आला, “ठेव गं फोन. आपण निघालो की तिच्या पोटात दुखायला लागतं!”

ताईने डोळे मिटले. एरवी असलं वाक्य ऐकलं असतं तर महिनाभर ती त्याच्याशी बोलली नसती. आज तिने तो अपमान गिळून टाकला.

“हो, दुखतंय माझ्या पोटात! तुला काय म्हणायचं ते म्हण!” ती ओरडली. “पण भिंगऱ्या, ऐक… माझी शिलाई चुकलीय. ऐकतोयस का? माझी शिलाई चुकलीय रे! तुम्हा दोघांच्या जिवावर उठेल अशी चुकलीय!”

फोनमध्ये इंजिनाचा आवाज कमी कमी होत गेला आणि थांबला.

काय होतं बघा! बहिणीच्या काळजीवर त्याचा विश्वास बसला नाही, रडण्यावर बसला नाही. पण ताई स्वतःच्या शिलाईला नाव ठेवते आहे, हे ऐकल्यावर त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. बावीस वर्षांत हे वाक्य कुणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं तरी ती त्याच्या बसण्यात खोट काढायची, टाक्यात नाही!

“थांबलोय, ताई,” तो हळूच म्हणाला. “चहाच्या टपरीपाशी. ये तू.”

काकांनी टेम्पो काढला. ताईने मांडीवर कंपनीची जुनी कव्हरं घट्ट धरली होती, शेजारी टाके काढायची उसवणी, पक्कड, कव्हर अडकवायच्या तारेच्या कड्या. दीड तासाच्या त्या वाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे ती व्याकूळ होऊन बघत होती. काका फक्त एकदा म्हणाले, “बाप तुझा असता ना, त्यानेही तिथे दुहेरीच मारली असती.” त्यावर तिला हुंदका आवरेना.

टपरीमागे गाडी उभी होती. ताई टेम्पोतून उतरली ती थेट सीटकडे गेली. भावाकडे बघायचं धैर्य तिला नव्हतंच; एअरबॅगचं काय ते काकांनीच दोघांना सांगितलं. उसवणीचं टोक तिने कडेला घातलं, पण दोरा हलेना. आपणच घट्ट ओढलेला! मग तिने ब्लेड घेतलं आणि ते विटकरी लेदर वरपासून खालपर्यंत चरचर चिरलं.

“ताई! अगं, टाके उसवता आले असते! एवढं सुंदर काम…” भिंगरी कळवळला.

“सुंदर! सुंदर म्हणतोस याला?” ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. “काय झालं असतं रे? दोघांना काही झालं असतं तर लोक म्हणाले असते, अपघात झाला. मला मात्र जन्मभर…”

“मी पण चुकलोय, ताई.” भाऊ तिच्याशेजारी मातीत गुडघ्यांवर बसला. “सीट खोलताना खाली पिवळा प्लग होता, या एअरबॅगचाच असणार. व्हिडिओतला माणूस त्याच्याबद्दल काहीतरी सांगत होता, मी तेवढा भाग पुढे ढकलला. प्लग काढला, परत लावला, तुला काहीच बोललो नाही. तुझ्या एकटीची चूक नाही ही.”

ताईने त्याच्या ग्रीस लागलेल्या बोटांकडे पाहिलं. आणि त्याने, इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, तिच्या बोटांकडे पाहिलं. सुईने भोकं पडून पडून निबर झालेली, लेदर ओढून ओढून वाकडी झालेली.

दोघांनी मिळून जुनी कव्हरं चढवली. भावजय कड्या हातात देत राहिली. काका मध्ये मध्ये दटावत होते, “उद्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखव बरं का, नुसता व्हिडिओ बघून भागायचं नाही!” तासाभराने विटलेल्या, तडकलेल्या सीट पुन्हा जागेवर बसल्या.

मग भाऊ उठला, हात झटकले आणि म्हणाला, “मी त्या खोल्या नको म्हणून सांगतो. आत्ता फोन करतो. आम्ही कुठे जात नाही.”

हेच ऐकायला कालपासून ताईचा जीव तळमळत होता. आता मिळत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं… भावजयीने मान दुसरीकडे वळवली. तिचे डोळे भरून आले होते.

ताईने ते पाहिलं. भावाच्या हातातला फोन तिने काढून घेतला.

“खोल्या घ्यायच्या. उद्या नाही, आजच हो म्हणायचं.”

“ताई…”

“मला एकटीला राहायची भीती वाटते रे. फार भीती वाटते. म्हणून बोलले मी तसं. वाटेल ते बोलले.” एवढं बोलताना तिचे अश्रू घळाघळा वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत.

भावजय पुढे आली आणि तिने ताईला मिठीच मारली. “मी म्हणायला हवं होतं काल, तुम्ही पण चला म्हणून. सुचलंच नाही मला, ताई. मी फक्त घाबरले.”

“मी नाही येणार गं. माझं दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत. कधी आले तर जेवायला येईन.”

“तू रडतेयस आणि मी जाऊ?” भाऊ म्हणाला. तोही रडत होता, मिसरूड फुटायच्या वयात रडायचा तसा, ओठ दाबून.

“रडू दे की मला! थोडे दिवस रडेन. पण मी रडतेय म्हणून तू थांबू नकोस.” तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “आणि हळू चालव.”

गाडी सुरू झाली. पुढच्या वळणापर्यंत भावजय मागे वळून हात हलवत होती. काकांनी टेम्पोचं दार उघडून धरलं होतं, पण ताई बराच वेळ रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली.