चष्मेवाल्यांची झोप

हॉटेलात जाऊन आराम करणं ही कल्पनाच चष्मेवाल्यांना पटत नव्हती. घरचा पलंग रिकामा ठेवायचा आणि दुसऱ्याच्या पलंगावर झोपायला गाडीत पेट्रोल भरून जायचं, याला काय म्हणायचं? पण लेकीने खोली परस्पर ठरवून टाकली होती आणि वर फोनवर बापाला नीट दम भरला होता.

"बाबा, आई मावशीकडे राहायला जायचं म्हणतेय. कायमची. भांडून नाही, अगदी शांतपणे म्हणतेय, त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. तिथे गेल्यावर तिच्याशी बोला. चष्म्यांबद्दल नको. तिच्याशी."

चष्मेवाल्यांचं दुकान चौकातच होतं आणि सगळी वस्ती त्यांना चष्मेवालेच म्हणायची. बायको बालवाडीत शिकवायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणायचे. नवराही तेच म्हणायचा, कारण दुसरं काही म्हणायला फार धीर लागला असता. माणूस वाईट नव्हता हो. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. फक्त बोलायचा नाही. मनात काही नव्हतं असंही नाही, मनात गच्च भरलेलं होतं. ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. बाई दिवसभर चिल्ल्यापिल्ल्यांशी बोलून घरी येत आणि मग भिंतीशी बोलत. इतक्या वर्षांनी त्यांना भिंतीचा कंटाळा आला, यात त्यांचं काय चुकलं? मावशीकडे न्यायची मोठी बॅग भरून दाराशी उभी होती. सोमवारची बस ठरली होती.

हॉटेल म्हणजे नदीकाठची जुनी कागदाची गिरणी होती. दगडी भिंती तशाच ठेवून आत गुबगुबीत खुर्च्या, पांढरे पडदे आणि जागोजागी फुलं ठेवली होती. मालकीण गोलमटोल, हसरी, आणि तिचा चष्मा नाकावर डावीकडे कललेला. चष्मेवाल्यांना ते बघवेना. नाव सांगायच्या आधीच त्यांनी तिच्या नाकावरून चष्मा उतरवला, खिशातला चिमुकला स्क्रू ड्रायव्हर काढला, दांडीचा स्क्रू पिळला आणि चष्मा परत चढवला. बाईंनी कपाळाला हात लावला. मालकीण मात्र खूश झाली.

"झोप फार छान लागते हं आमच्याकडे," ती म्हणाली. "एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, एवढी छान."

"मग धंदा कसा चालतो?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"चालतो की. ते दुसऱ्यांना पाठवतात. त्यांना स्वतःला परत यायची गरज पडत नाही."

विचित्रच जाहिरात, असं म्हणत चष्मेवाले बॅगा घेऊन वर गेले. खोली थेट पाण्यावर होती. लाकडी सज्जा, त्यात वेताच्या दोन खुर्च्या, खाली छोटा धक्का आणि त्याला बांधलेली हिरवी होडी. पाणी गिरणीच्या जुन्या कमानीखालून गुळगुळ आवाज करत जात होतं. बाई सज्जात जाऊन उभ्या राहिल्या. "किती छान आहे ना?" त्या म्हणाल्या. चष्मेवाल्यांना खूप काही सुचलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला असं कठड्याला रेलून उभं पाहिलं होतं, तेही आठवलं. तोंडातून निघालं ते एवढंच, की ऊन डोळ्यांवर येतंय, तू तो रंगीत काचांचा आणायला हवा होतास.

बाई आत वळल्या. खाली चक्कर मारून येते म्हणाल्या आणि गेल्या.

आता पाच मिनिटं पाठ टेकतो, मग जातो आणि बोलतो, असं ठरवून चष्मेवाले आडवे झाले. चष्मा दांड्यांची घडी घालून उशाशी ठेवला, काचा वर करून. हा त्यांचा धर्मच होता. काचा खाली करून चष्मा ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांना ते दुकानात सगळ्यांदेखत झापायचे. कमानीखालून पाणी जात राहिलं आणि चष्मेवाले ढाराढूर झोपले.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. मेलो, असं म्हणत ते ताडकन उठले. अख्खी दुपार झोपेत घालवली होती, आता बोलायला तोंड कुठे राहिलं? ते धडपडत खाली आले, तर बाई धक्क्यावर पाय पाण्यात सोडून बसलेल्या आणि एकट्याच हसत होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल. शेजारी चहाचे दोन कप, दोन्ही रिकामे.

"आलात पण लगेच?" त्या म्हणाल्या. "चष्मा आणायला एवढं काय पळत जायचं? चष्म्याशिवाय छान चाललं होतं की तुमचं. होडी तर सरळ रेषेत नेलीत."

बाईंचे टोमणे घरात प्रसिद्ध होते. हाही तसाच असणार असं धरून चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. पण टोमणा मारताना बाईंची डावी भुवई वर जायची आणि आत्ता ती जागच्या जागी होती. तेवढ्यात मालकीण कप न्यायला आली आणि म्हणाली, "साहेब, वल्ही मारायला कुठे शिकलात हो? हात काय बसलाय तुमचा!"

चष्मेवाले जन्मात होडीत बसले नव्हते. त्यांनी हळूच आपले तळवे पाहिले. मऊ होते, एक फोड नव्हता. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हा लेकीचा डाव असणार. मालकिणीला आणि आईला तिनेच पढवलं असणार, बाप लाजून तरी बोलावा म्हणून. कार्टी लहानपणापासूनच उपद्व्यापी. या विचाराने त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांना हसूही आलं.

जेवायला खिडकीजवळचं टेबल मिळालं. भाजलेला मासा होता, गरम पाव होता, सूप होतं. बाई हनुवटीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या आशेने त्यांच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा नाही. चष्मेवाल्यांनी सगळा धीर गोळा केला आणि म्हणाले, "सूप गरम आहे."

बाईंचा चेहरा जरासा विझला. "दुपारसारखं बोला ना," त्या म्हणाल्या.

"दुपारी मी काय बोललो?"

"असं काय करता? पिवळ्या छत्रीचं सांगत होतात की."

चष्मेवाल्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. लग्न ठरायच्या आधीची गोष्ट होती ती. बाई तेव्हा शाळेत नव्याने लागल्या होत्या आणि चष्मेवाल्यांनी त्यांच्यासाठी एक पिवळी छत्री विकत घेतली होती. ती द्यायला ते शाळेसमोर जाऊन उभे राहिले होते. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. लेकीला नाही, मित्रांना नाही, बाईंना तर नाहीच. लेक काहीही पढवू शकत असली तरी हे नाही.

आपण झोपेत बडबडत असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शहाण्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण मग त्यांनी कडक कॉफी मागवली, दोन कप प्यायले, आणि पलंगावर चष्मा न काढता उशीला टेकून बसले. आज झोपायचंच नाही, आणि बाईंशी बोलायचं, छत्रीपासूनच सुरुवात करायची. बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि पायांवर पांघरूण घालता घालता म्हणाल्या, "दमलात तुम्ही." खाली पाणी गुळगुळत होतं. पहिला शब्द कुठला घ्यावा, याचाच ते विचार करत होते.

जाग आली तेव्हा खोली उन्हाने भरली होती.

झोप मात्र काय लागली होती! अंग हलकं, मान मोकळी, जन्मात अशी झोप लागली नव्हती. सज्जातून बाईंच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. चष्मेवाल्यांनी सवयीने उशाशी हात नेला आणि चष्मा हाताला लागला. घडी नीट घातलेली होती.

काचा खाली होत्या.

त्यांनी चष्मा चढवला. सज्जाच्या दारापासून पलंगापर्यंत लाकडी जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे वाळत होते. एक जोडी लहान, ती बाईंची. दुसरी मोठी. चष्मेवाल्यांनी आपला कोरडा पाय त्यातल्या एका ठशाशेजारी ठेवून पाहिला. अंगठ्याचं वळणसुद्धा तेच होतं.

लहान पावलं पलंगापाशी येऊन परत सज्जाकडे गेली होती.

मोठी पावलं नुसती आली होती.

ती त्यांच्याच बाजूच्या कडेशी संपत होती. तिथून पुढे काही नव्हतं.

नाश्त्याला बाईंनी आमलेट मागवलं, दोन वेळा मागवलं, आणि मालकिणीची पोटभर थट्टा केली. मग त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. सकाळीच बहिणीला फोन केलाय, त्या म्हणाल्या. येत नाही म्हणून सांगितलं. घरी गेल्यावर आधी ती बॅग रिकामी करणार.

"जाऊ नकोस, असं तुम्ही मला कधी म्हणालाच नव्हता," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल म्हणालात. मला तेवढंच हवं होतं हो."

चष्मेवाल्यांच्या घशाशी आलं, की अगं, तो मी नव्हे. मी झोपलो होतो. ते सांगायला तोंड उघडलंसुद्धा. समोर बाईंचा चेहरा होता, लग्नाच्या वेळी होता तसा, सगळा उजळलेला. सोमवारची बस त्या चेहऱ्यामागे कुठे तरी उभी होती.

"हो," चष्मेवाले म्हणाले. "म्हणालो खरा."

आणि त्यांना इतका आनंद झाला, की भीती वाटायला जागाच उरली नाही. कुणी का म्हटलेलं असेना, बायको घरी येणार होती. निघताना मालकीण दारापर्यंत पोचवायला आली. तिचा चष्मा आता नाकावर अगदी सरळ बसला होता. "पुन्हा या असं काही म्हणत नाही हं," ती हसत म्हणाली.

गाडीची किल्ली बाईंनीच मागून घेतली. नदीकाठचा रस्ता सुरेख होता, दोन्हीकडे झाडं, मधून मधून पाणी चमकत होतं.

"हं, सांगा आता," बाई म्हणाल्या. "उरलेलं गाडीत सांगतो म्हणाला होतात. छत्री घेऊन शाळेसमोर उभे राहिलात, मग?"

ही गोष्ट तर चष्मेवाल्यांचीच होती. शेवटपर्यंत त्यांना पाठ होती. शाळा सुटली होती, सगळ्या बायका गेल्या होत्या, ती एकटी फाटकाशी थांबली होती आणि तिने एकदा त्यांच्या दिशेने पाहिलंही होतं. ते छत्री तशीच घेऊन परत आले होते आणि ती अजून दुकानाच्या माळ्यावर होती. सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं.

"मग," ते म्हणाले. "मग मी तिथे उभा होतो."

"आणि?"

"आणि... छत्री चांगली होती. पिवळी."

पुलाच्या तोंडाशी गाड्या खोळंबल्या होत्या, तिथे बाईंनी गाडी थांबवली आणि नवऱ्याकडे वळून अगदी मायेने हसल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा जरा."

"मला झोप नाही आलेली."

"येईल."

त्यांनी दोन्ही हातांनी, दांड्यांना धक्का न लावता, चष्मेवाल्यांच्या नाकावरून चष्मा उतरवला. पूल, गाड्या, बाईंचा चेहरा, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. एक दांडी मिटल्याचा आवाज झाला, मग दुसरी. मग समोरच्या फळीवर काच टेकून घासल्याचा बारीक आवाज आला. दुकानात हा आवाज त्यांनी कधी कुणाला करू दिला नव्हता.

त्यांना उठून काहीतरी म्हणायचं होतं. पण डोळे जड झाले होते, आणि पुलाखालून पाणी गुळगुळत चाललं होतं.

"हं," बाईंचा हसरा आवाज त्यांना लांबून ऐकू आला. "मग पुढे काय झालं?"