नापास वाटी

मिरजेच्या कर्करोग रुग्णालयातल्या त्या यंत्राला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला वाढपी म्हणत. त्याच्यापुढे तळहाताएवढं काचेचं ताट मांडलेलं असे आणि ताटात शेकडो इवल्या वाट्या. प्रत्येक वाटीत रुग्णाच्याच गाठीतून काढून वाढवलेल्या पेशींचा एकेक गोळा, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. वाढप्याचा यांत्रिक हात ओळीने फिरे आणि प्रत्येक वाटीत केमोच्या औषधांची वेगळी जोडी सोडत जाई. कुठे थेंब, कुठे अर्धाच. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात. हा मात्र कुणालाच ओळखत नसे, पेशी आमदाराच्या असोत की हमालाच्या. जी जोडी पूर्वी माणसावर करून बघावी लागे, ती आता आधी वाटीत कळे. फुकटच्या उलट्या टळत, हातचे महिने वाचत. कौतुक करावं तेवढं थोडंच.

चंपाक्का मगदुमांच्या बाबतीत मात्र वाढप्याने हात टेकले.

शिरोळला पिठाची गिरणी चालवणाऱ्या चंपाक्कांची पोटातली गाठ परतली होती, आणि पहिल्या केमोने त्यांचं हृदय पार थकवलं होतं. म्हणून डॉ. तस्नीम मुजावर यांनी त्यांच्यासाठी दुसरं ताटही मांडलं. त्यात चंपाक्कांच्याच रक्तापासून घडवलेल्या हृदयपेशी होत्या, काचेत चक्क धडधडणाऱ्या. दोन्ही ताटांत औषध एकच पडे. इकडचा गोळा मरावा आणि तिकडची धडधड चालू राहावी, एवढीच अट. पण गाठीला मारणाऱ्या प्रत्येक जोडीने हृदयही थांबवलं. अहवालात शेवटची ओळ आली, 'योग्य जोडी नाही.'

ही बातमी घेऊन वॉर्डात जायचं तस्नीमच्या अगदी जिवावर आलं. उगाच रेंगाळत ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली आणि धडधडणाऱ्या वाट्या बघू लागली. ते बघायला तिला नेहमीच आवडे. एका वाटीतलं हृदय मजेत चाललं होतं. सहज म्हणून तिने त्याच जोडीची गाठीची वाटी भिंगाखाली घेतली.

"सुहास, हिला गुण किती?"

"शून्य, मॅडम," तंत्रज्ञ सुहास कोरे म्हणाला. "एकसुद्धा पेशी मेली नाही."

"मेली नाही, कबूल. पण वाढली तरी कुठे? औषध न दिलेले गोळे दुप्पट झालेत. हा पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे."

सुहासने भिंगाला डोळा लावला. "मग हे आहे तरी काय?"

"झोपल्यात पेशी," तस्नीम म्हणाली. वाढप्याला फक्त मेलेल्या पेशी मोजायला शिकवलं होतं. झोपलेल्यांना त्याने इमानदारीत नापास केलं होतं.

जोडी तशी गरीबच होती. एक जुनी केमोची गोळी, नेहमीच्या पावपट मात्रेत, आणि दुसरं पेशींची भूक मंदावणारं औषध. पुढचे काही आठवडे तस्नीमने त्या वाट्यांची तान्ह्या मुलासारखी राखण केली. औषध चालू होतं तोवर पेशी निजून राहिल्या. एका वाटीतलं थांबवून पाहिलं, तर त्या हळूहळू जाग्या होऊन वाढू लागल्या. पुरती खात्री पटेपर्यंत तिने बाहेर अवाक्षर काढलं नाही. शास्त्रज्ञाची रीतच ती.

मग तिने चंपाक्कांना सगळं सांगितलं, काही न लपवता. "अक्का, गाठ जाणार नाही. तिला झोपवून ठेवायचं. गोळ्या जन्मभर, रोज. आणि काचेत झोपली म्हणून पोटातही झोपेलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

चंपाक्का खुदकन हसल्या. "आमचे मामंजी लई तापट. दुपारचं आडवं झालं की घरात भांड्याला भांडं लागू द्यायचं न्हाई. उभा जन्म काढला की तसा. झोपल्यालं राखायची सवय हाय मला. द्या गोळी."

तस्नीमला त्या बाईचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. चंपाक्कांनी गोळ्या तिथेच पाण्याबरोबर घेतल्या, पदराने तोंड टिपलं, आणि मग त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"डॉक्टरबाई, एक इचारू? मशीन मलाबी न्हाईच म्हणालं हुतं न्हवं?"

"हो, अक्का."

"माझ्या शेजारच्या खाटेवरची हौसाबाई हाय न्हवं, तिला सकाळी सांगितलं, मशीन न्हाई म्हणतंय, घरी न्या. भाईर बाकावर बसलीया. ल्योक गाडी बघाय गेलाय." चंपाक्कांनी दाराकडे पाहिलं. "तिच्या वाट्या कुणी डोळ्यांनी बघितल्या का वो?"