कळंबच्या चार खेपा

रंजिता राठोड खुर्चीत बसली नाही. दाराशी उभ्या उभ्याच ती म्हणाली, "मी नवऱ्याले मारलं नाई. हे कोनीतरी सिद्ध करून पाहिजे मले."

वामनरावांनी चौतीस वर्षं पोलिसात काढली होती. हे वाक्य त्यांनी इतक्या तोंडून ऐकलं होतं, की त्यावर त्यांचा विश्वासही बसत नसे आणि अविश्वासही. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपासून ते कोकिळा गावंडे यांच्या हाताखाली काम करत होते. यवतमाळच्या दत्त चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर कोकिळाबाईंचं ऑफिस होतं. विम्याच्या चौकशा, लग्नाआधीच्या चौकशा, क्वचित एखादं हरवलेलं माणूस. खुनाचा आळ घेऊन आलेली ही पहिलीच बाई.

तिच्या भावानं, सुनीलनं, तिला खुर्चीत बसवलं आणि हकिकत सांगितली. शाम राठोड, वय एकोणतीस, पांढरकवड्याजवळच्या पिंपळधऱ्याच्या तांड्यावर राहणारा. गावातल्या सदाशिवराव बोढे यांच्याकडे सालगडी. एक जानेवारीला त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. हात जळतो म्हणून तो खाजवत बसे. दोन दिवसांनी ताप आला, मग डोळ्यांत भीती आली. बायकोनं दिलेला पाण्याचा लोटा त्यानं भिरकावला. तोंडाला फेस आला. सहाव्या दिवशी यवतमाळला आणताना वाटेतच तो गेला.

पहिल्याच दिवशी त्याला एका खाजगी डॉक्टरला दाखवलं होतं. नंतर फेस बघून त्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं: विषबाधेची शंका. कापसाच्या मुलखात तोंडाला फेस म्हणजे फवारणीचं औषध, हे शेंबडं पोरही सांगतं. व्हिसेरा तपासणीला गेला आणि अहवाल कधी येईल ते कुणीच सांगेना. तांड्यानं मात्र निकाल लावून टाकला. मरता माणूस बायकोच्या हातचं पाणी नाकारतो, याचा अर्थ लावायला कागद लागत नाही. तिसऱ्याच्या दिवशी सासूनं, बसंतीबाईनं, रंजिताला घराबाहेर काढलं आणि चार वर्षांची खुशी ठेवून घेतली.

कोकिळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी प्यायला का तो?"

"मले मालूम नाई. दुसरं कोनी पानी पाजाले आलं, का मले खोलीबाहेर काढत."

"दार उघडलं की काय करायचा?"

रंजितानं मान वर केली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "किंचाळे. म्हने वारा नको, वारा नको. मंग जरा वेळानं शहान्यासारखा बोले. खुशीले जवळ घे म्हने."

"कुत्रं चावलं होतं?"

"डॉक्टरनं बी थेच विचारलं. नाई. अंगावर एक दात नव्हता. मी सहा दिवस त्याचं अंग पुसलं, तोंड पुसलं. मले मालूम नसन काय?"

"हाताला जखमा?"

"दिवाळीत कापूस वेचनाऱ्याचे हात कोनाचे धड राह्यते, बाई? बोंडं टोचतेच. पन थे कधीच्या भरल्या होत्या."

ती गेल्यावर वामनराव म्हणाले, "तुमाले पिसाळलेल्या कुत्र्याचा संशय आला होता. पन कुत्रंच नाई, तं रेबीज कुठून येईल?"

"तेच शोधायला जायचंय," कोकिळाबाई म्हणाल्या. "विषानं माणूस तासाभरात लोळतो. दोन दिवस हात खाजवत बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जुनी व्हॅन पांढरकवड्याच्या हायवेवरून ट्रकांच्या मागेमागे पिंपळधऱ्याला पोचली. रंजिता आणि सुनील मागच्या सीटवर होते. ते व्हॅनमध्येच बसून राहिले.

सदाशिवराव बोढे साठीचे, धुतल्या कपड्यांचे, बोलायला गोड. गावचे माजी सरपंच. त्यांच्या गोठ्यातलं दूध पांढरकवड्याच्या हॉटेलांपर्यंत जाई. चहा आला. शाम लाखात एक पोरगा होता, असं ते म्हणाले. बायको जिभेची तिखट. फवारणीच्या औषधाची एक बाटली कमी भरली, तेही आपणच पोलिसांच्या कानावर घातलं, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

"गोठा दाखवता?" कोकिळाबाईंनी विचारलं.

वामनरावांना यात काही राम दिसेना. वीस खुंटे, एकोणीस जनावरं. शेवटच्या खुंट्याभोवतीची माती उकरून तिथं चुना टाकला होता. गव्हाण जाळल्याचे काळे डाग भिंतीवर होते.

"इथली गाय?"

"विकली. दिवाळीत."

निघताना मागच्या दाराशी बोढ्यांची सून, बबिता, दोन्ही हातांत बादल्या घेऊन भेटली. कोकिळाबाईंनी एक बादली तिच्या हातातून घेतली आणि हौदापर्यंत तिच्याबरोबर चालत गेल्या. सासूबाई पाणी भरत नाहीत का, असं त्यांनी सहज विचारलं. बबिता बोलायला आसुसलेलीच होती. दिवाळीनंतर सासूबाईचे दंड दुखत होते, म्हणून पाणी तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. आणि दंड दुखणारी बाई चार चार वेळा कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायला मात्र धडधाकट होती.

"चार वेळा?"

"मी शुक्रवारी माहेराहून आली. शनिवारी तिघंही गेले, सासरे, सासूबाई अन् हे. मंगळवारी पुन्हा. मंग पुढच्या शनिवारी. मंग तीन आठवड्यानं आनखी एका शनिवारी. मले एकदाबी नेलं नाई. अन् प्रसादाचा पेढा म्हनाल, तं तोबी नाई."

"तेव्हा ती गाय विकली होती का?"

बबितानं आश्चर्यानं पाहिलं. "विकली? मेली न थे. मी आली तवा जेसीबी खड्डा बुजवून राह्यला होता."

बाहेर येऊन कोकिळाबाईंनी कडुलिंबाखाली उभं राहून कुणाला तरी फोन लावला. वामनरावांना एकच बाजू ऐकू आली. "लेखी दिलं होतं? ... आणि आले किती? ... तीनच?" फोन ठेवून त्या तडक व्हॅनकडं निघाल्या.

तांडा गावापासून कोसभरावर. तांड्याचे प्रमुख, नायक भावसिंग, यांच्या अंगणात बसंतीबाई बसली होती, मांडीवर खुशी. रंजिताला व्हॅनमधून उतरताना पाहून तिनं तोंड फिरवलं. नायकांनी हात वर करून रंजिताला फाटकाशीच थांबवलं.

कोकिळाबाई म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या. "मावशी, शाम तुमच्या हातचं पाणी प्यायला?"

बसंतीबाईनं खुशीचा झगा सारखा केला. मग म्हणाली, "नाई. माह्या हातचंबी फेकलं. नायकाच्या हातचंबी." आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, "पन मंग इख अंगात भिनलं होतं ना."

भावसिंग नायक खाली बघू लागले.

कोकिळाबाईंनी बोढ्यांच्या गोठ्याचा विषय काढला. त्यावर मात्र म्हातारी खुलली. ती त्या गोठ्यात शेण काढायला जाई. शामवर मालकाचा किती भरवसा होता, हे सांगायला तिला आवडत असावं. भाऊबीज झाल्यावर गुरुवारी तांबडी गाय खाईना, गिळेना, लाळ गाळत नुसती मान ताणे. घशात काहीतरी अडकलं म्हणून मालकानं शामला हाक मारली. शामनं कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. मालक, मालकीण आणि त्यांचा मुलगा कपिल, तिघं शिंगं अन् दावं धरून उभे होते.

"काय निघालं घशातून?"

"काईच नाई. दुसऱ्या दिवशी गाय गोठ्यात नव्हती. विकली म्हने. दुखनाईत गाय कोन घेते, असं शाम म्हनलाबी."

"आणि गाईचा जबडा? तो कोणी धरला होता?"

"मी. जीभ बाहेर ओढून धरली होती मी."

कोकिळाबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि उलटे केले. बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोचण्याचे बारीक पांढरे व्रण होते. त्या ताडकन उठल्या. "वामनराव, गाडी वळवून ठेवा. आपल्याला तासाभरात हॉस्पिटल गाठायचंय."

तेवढ्यात मोटरसायकल आली. सदाशिवराव आणि त्यांचा मुलगा कपिल. बायका तांड्यावर काय विचारत फिरतात ते बघायला आले असावेत. भावसिंगांनी सवयीनं खुर्ची पुढं केली.

"बरं झालं आलात," कोकिळाबाई म्हणाल्या. "यांना सगळ्यांना सांगायचंच होतं. तुमच्यासमोर सांगते."

त्यांनी आवाज चढवला नाही. वामनरावांना तो चढायला हवा होता.

"शामला कुणी विष दिलं नाही. त्याला रेबीज झाला. पाणी पाहिलं की रेबीज झालेल्याचा घसा आवळतो, वाऱ्याची झुळूक लागली तरी आवळतो. म्हणून त्यानं पाणी फेकलं. बायकोचं फेकलं, आईचं फेकलं, नायकांचंही फेकलं. तुम्ही फक्त बायकोचं लक्षात ठेवलंत."

"पन कुत्रं..." भावसिंग म्हणाले.

"कुत्र्याची गरज नाही. पिसाळलेलं कुत्रं किंवा कोल्हा गाईला चावला, तर गाय पिसाळते. पण ती भुंकत नाही. तिचा घसा लुळा पडतो, लाळ गळते आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलं. त्या लाळेत हा विषाणू असतो. त्याला चावाच लागतो असं नाही, फाटलेली कातडी पुरते. कापूस वेचून फाटलेला हात शामनं त्या लाळेत कोपरापर्यंत घातला. तिथून विषाणू नसेत शिरला आणि नसेनसेनं, मुंगीच्या पावलानं मेंदूकडं चढत गेला. त्याला आठ आठवडे लागले. जखमा कधीच भरल्या होत्या, पण रोगाची पहिली खूण त्याच हाताला दिसली. मुंग्या आल्या, हात जळायला लागला."

बसंतीबाई स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"हे कोनं ठरवलं? गाय तं विकली म्या," सदाशिवराव म्हणाले.

"गाय शुक्रवारी मेली. जेसीबीनं पुरलीत, गव्हाण जाळलीत, चुना टाकलात. विकलेल्या गाईची गव्हाण कुणी जाळत नाही. आत्ताच मी जनावरांच्या सरकारी डॉक्टरांशी बोलले. शुक्रवारी त्यांनी गाय तपासली. नाकपुडीवर जुन्या चाव्याची खूण होती. लक्षणं रेबीजची आहेत, जे जे तिला शिवले त्या सगळ्यांना सुया घ्यायला लावा, असं त्यांनी तुम्हाला लेखी दिलं. तुमच्या सहीसकट कागद त्यांच्याकडं आहे. सुया घ्यायला तिघंच आल्याचं कळंबच्या दवाखान्यानं त्यांना कळवलं होतं."

"मी दर्शनाले..."

"शनिवार, मंगळवार, शनिवार आणि तीन आठवड्यांनी पुन्हा शनिवार. चिंतामणीला माणूस चतुर्थीला जातो. या चारही दिवसांत एकही चतुर्थी नाही. पण पहिली सुई, तिच्यानंतर तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा हा सरकारी दवाखान्यात रेबीजच्या सुयांचा हिशेब आहे. दोन्ही दंडांत सुई. पांढरकवड्यात ओळखीचे भेटतील म्हणून कळंब. तुम्ही तिघांनी नुसती शिंगं धरली होती, तरी चार चार खेपा केल्यात. ज्यानं हात तोंडात घातला त्याला मात्र सांगितलंत, गाय विकली."

हे सगळं कुणाकडून कळलं, ते कोकिळाबाईंनी सांगितलं नाही. वामनरावांच्या लक्षात ते आलं.

कपिल मोटरसायकलच्या हँडलवर हात ठेवून उभा होता. तोच शेवटी पुटपुटला, "बाबा, मी म्हनत होतो शामलेबी नेऊ."

"अन् नेला असता तं?" सदाशिवराव एकदम बोलून गेले. "त्यानं तांडाभर सांगतलं असतं. माह्या दुधाले कोनी हात लावला असता काय?"

"उकळलेल्या दुधानं काही होत नाही, हेही त्याच कागदावर लिहिलंय," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचायचं तेवढं वाचलंत. आणि तो मेल्यावर तुम्हाला पक्कं माहीत होतं कशानं मेला. तरी पोलिसांना औषधाच्या बाटलीची गोष्ट सांगितलीत. एकाला मरू दिलंत आणि दुसरीला खुनी ठरवलंत."

आयुष्यभर वामनराव मोठ्या माणसांसमोर टोपी काढून उभे राहिले होते. आज नाही. त्यांनी जाऊन सदाशिवरावांच्या खालची खुर्ची धरली आणि म्हणाले, "उठा. ह्या अंगनात बसाले जागा नाई तुमाले." सदाशिवराव उठले. नायकांनी त्यांना थांबवलं नाही.

कोकिळाबाई बसंतीबाईकडं वळल्या. रोगानं शामला आठ आठवड्यांत गाठलं, म्हणून इतरांनाही तेवढ्यातच गाठेल असं नाही. कुणाला महिना लागतो, कुणाला वर्ष. लक्षणं दिसायच्या आत सुया पडल्या तर माणूस वाचतो, दिसल्यावर देव आला तरी नाही. जबडा धरणाऱ्या बसंतीबाईला सुया हव्यात. सहा दिवस शामची लाळ पुसणाऱ्या रंजितालाही हव्यात. हे त्यांनी दोघींना सारखंच, एकाच दमात सांगितलं.

बसंतीबाई उठली. खुशीला कडेवर घेऊन फाटकापर्यंत गेली आणि पोरगी रंजिताच्या हातात दिली. माफी वगैरे काही मागितली नाही. नुसतं म्हणाली, "पहाटपासून तुलेच विचारून राह्यली थे."

रंजितानं लेकीचं तोंड मानेत दाबून घेतलं. मग व्हॅनचं पुढचं दार उघडून ती सासूला म्हणाली, "याडी, आंगी बस. मांग गचके लागते."

सदाशिवरावांवर त्याच आठवड्यात तक्रार दाखल झाली. डॉक्टरांचा कागद, कळंबच्या नोंदी आणि कपिलचा जबाब घेऊन वामनराव स्वतः ठाण्यात चार तास बसले आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाहीत. खटला उभा राहील की नाही, ते त्यांनाही सांगता येईना. बाटलीची गोष्ट मात्र पोलिसांनी आपणहून मागे टाकली.

पण ते नंतर. त्या दुपारी ते सरकारी हॉस्पिटलच्या बाकावर खुशीला घेऊन बसले होते. आत नर्सनं बसंतीबाईला बाही वर करायला सांगितलं. म्हातारीला ती जमेना, तेव्हा रंजितानं वर सरकवून धरली. सुई टोचली, दुसऱ्या दंडातही टोचली. बसंतीबाईनं हूं की चूं केलं नाही.

"किती खेपा करा लागन?" तिनं विचारलं.

"चार, आजी. आज धरून."

"माह्या पोरालेबी एवढ्याच लागल्या असत्या?"

नर्सला काही माहीत नव्हतं. तिनं पुढच्या सिरिंजचं पाकीट फोडत सांगितलं, "सगळ्यांना एवढ्याच असतात."

"अन् किती घेता एका सुईचे?"

"काही नाही, आजी. फुकट आहेत."