कठड्याखालची माळ

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून तिनं माळ झटकली, तर खालून आवाज आला, "अहो, माझी खुर्ची ओली आहे अजून."

तळमजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या सुतारानं पॉलिश करून खुर्ची अंगणात वाळत ठेवली होती. तिच्यावर आता प्लास्टिकच्या हिरव्या काड्या चिकटल्या होत्या. तो तशीच खुर्ची उचलून वर आला तो भांडायलाच. पण दारात ती उभी... गळ्यात नाताळची, प्लास्टिकच्या हिरव्या फांद्यांची भलीमोठी माळ, केसांत हिरवा कचरा, चेहऱ्यावर अपराधी भाव. भांडण त्याच्या ओठांवरच विरलं.

तिनं माफी मागता मागता सगळंच सांगून टाकलं. आई गेल्यापासून तीन वर्षं ही माळ खोक्यात चेपून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेले बाबा शनिवारी घरी येणार होते, आणि जिना चढताना त्यांना घर पुन्हा घरासारखं दिसावं, एवढीच तिची इच्छा होती.

तो पायरीवर बसला आणि चेपलेली एकेक फांदी बोटांनी उलगडू लागला. तीही शेजारी बसली... जरा अंतर ठेवून. बोलता बोलता कळलं, दूरच्या शहरातल्या कारखान्यानं त्याला नोकरी देऊ केली होती. का कोण जाणे, तिला एकदम उदास वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी ती माळ जिन्याच्या कठड्याला गुंडाळत होती. त्यानं हलकेच तिचा हात थांबवला.

"मग बाबा चढताना आधाराला काय धरणार?"

छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी ती, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं कठड्याखाली बारीक खिळे ठोकले, माळ झुलती बांधली आणि वरचं लाकूड तळहातानं चाचपून पाहिलं – कुठे हातात घुसेल अशी कूस तर नाही ना! त्या हाताकडे ती बघतच राहिली.

शनिवारी बाबा आले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरून सावकाश वर चढले. मध्येच थांबून माळेकडे पाहत राहिले. डोळे पुसून म्हणाले, हे काम काही तुझं नाही. ज्याचं आहे त्याला चहाला बोलाव.

ती खाली गेली. धीर एकवटून म्हणाली, "चहा झालाय. आणि... तू जाऊ नकोस."

'तू' ऐकून तो रंधा हातात धरून तसाच उभा राहिला.

"परवाच नकार कळवलाय," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणीतरी थांब म्हणेल का... ते बघत होतो."

वरून बाबांनी हाक मारली, चहा निवतोय म्हणून. पण जिना चढायला त्या दोघांना बाबांपेक्षाही जास्त वेळ लागला.