आरसा धरणारा

बोटीवरच्या साहेबलोकांना नाशकात एक दिवस आखून देणारी माणसं दोनच होती, रहेमान आणि बद्रुद्दीन. त्यातला रहेमान गेल्या हिवाळ्यात गेला. म्हणजे आता एकच उरला. हे बद्रुद्दीन स्वतःशी दिवसातून चारदा म्हणे, आणि चारही वेळा त्याला बरं वाटे.

छत्तीस सालच्या जानेवारीत मुंबईच्या कंपनीचं पत्र आलं. जगाची फेरी करायला निघालेली एक मोठी बोट मुंबईच्या बंदरात तीन दिवस थांबणार होती. तिच्यावरच्या बावीस जणांना मुंबईपेक्षा आतला मुलूख पाहायचा होता. रात्रीच्या मेलला जोडलेल्या डब्यातून ते सकाळी नाशिकरोडला उतरतील आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातील, तरी मधला दिवस तासावार आखून पाठवावा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. शेवटच्या ओळीत मात्र साहेबाने लिहिलं होतं, 'दिवस शक्यतो रहेमानच्या पद्धतीनेच आखावा. प्रवासी अजून त्याची आठवण काढतात.'

बद्रुद्दीनने पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"काय म्हणतात मुंबईवाले?" गुलजारबीने चुलीपुढून विचारलं.

"काम आलंय. मोठं आहे."

"मग अल्लाचं नाव घ्या आणि रहेमानभाई करायचे तसंच करा. काय बोलायचे हो ते! गोऱ्या बाया नुसत्या हसून हसून..."

नवऱ्याचं तोंड पाहून ती भाकरी उलटू लागली.

हा राग समजायचा तर आरशाचं काम समजलं पाहिजे. पांडवलेणी डोंगराच्या सावलीतल्या अंगाला आहेत. आत खोल गाभाऱ्यात बुद्धाची मूर्ती, आणि तिथे भर दिवसा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मशाल न्यावी तर धूर होतो, मडमा खोकतात. म्हणून एक माणूस बाहेर, पुढे आलेल्या खडकावर, उन्हात उभा राहतो. त्याच्या हातात परातीएवढा आरसा. उन्हाचा कवडसा तो दारातून आत टाकतो आणि आतला माणूस बोलेल तसा फिरवत नेतो. खांबावर, नक्षीवर, मग हळूच मूर्तीच्या मुखावर. त्या क्षणी सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आहा' निघतो. तो 'आहा' बाहेरच्या माणसाला नुसता ऐकू येतो.

बद्रुद्दीनने बारा वर्षं आरसा धरला. डोळ्यांतून पाणी येई, दंड भरून येत. बाहेर आल्यावर साहेब हात मिळवत ते रहेमानशी. मडमा नाव विचारून वहीत लिहून घेत ते रहेमानचं. करणारा एक आणि मिरवणारा दुसरा! आणि रहेमान स्वभावाने वाईट असता तरी चाललं असतं. तो चांगला होता. रोज जाताना तो उंच, फेटेवाला माणूस पाठीवर हात ठेवून म्हणे, "बद्रू, आज तुझा हात छान स्थिर होता हं." ते कौतुक बद्रुद्दीनला मिरचीसारखं झोंबे.

आता पाटी कोरी होती. बद्रुद्दीनने ठरवलं, आपला दिवस आपल्या पद्धतीचा. सकाळी रामकुंड, मग डाकबंगल्यात जेवण, दुपारी लेणी. कागदावर लिहूनही काढलं. मग आठवलं, खडकावर ऊन असतं ते फक्त बारापर्यंत. पुढे डोंगराची सावली येते आणि आरसा म्हणजे नुसती काच. रहेमान लेणी आधी घेई ते उगीच नव्हे. बद्रुद्दीनने कागद फाडला. ऊनसुद्धा त्या मेल्याच्याच बाजूचं, असं म्हणून त्याने रहेमानचाच दिवस पुन्हा ओळीने लिहिला, आणि खाली आपली सही ठोकली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, पण सही तर आपली!

आरशाला त्याने काळूला बोलावलं. काळू डोंगराच्या पायथ्याशी राहणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. लाकूडफाटा गोळा करायला रोज डोंगर चढे. त्याने रहेमानला कधी पाहिलं नव्हतं, कारण मागची काही वर्षं तो हिवाळाभर कामाला घाटाखाली जात असे.

बोटीचे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळा दिवस घड्याळ लावून चालून पाहायचा, ही रहेमाननेच घातलेली रीत. गेल्या वर्षीच्या अशाच चालण्यात तो गेला. त्या लेण्यात डाव्या अंगाला एक खोली आहे, तिच्या जमिनीत जुनं, खोल पाण्याचं टाकं. वर फळ्या टाकलेल्या. पाहुण्यांचा पाय जाऊ नये म्हणून रहेमान आदल्या दिवशी स्वतः त्या फळ्या तपासायचा, कवडशाच्या उजेडात. त्या सकाळी चढताना तो म्हणाला होता, "बद्रू, कंपनी यंदा बोटीवर वाटायच्या कागदात माझं नाव छापणार आहे. तुझी भाभी नुसती नाचते आहे." बद्रुद्दीन हसला होता. मग खडकावर उभं राहिल्यावर, रहेमान त्या खोलीत शिरल्यावर, त्याने आरसा वळवला. समोरच्या डोंगराकडे. दहा आकडे मोजेपर्यंतच, बस. चाचपडू दे थोडा, कळू दे उजेड कुणाचा आहे ते.

सहाव्या आकड्याला आतून आवाज आला.

फळी कुजकी होती, असं सगळे म्हणाले. बद्रुद्दीनही तेच म्हणाला. मातीला तो फार रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण घरी येऊन हातपाय धुताना सुंठीवाचून खोकला गेला, हा विचार मनात आला तोही खोटा नव्हता.

तर यंदाचं हे आदल्या दिवशीचं चालणं. काळू खडकावर उभा राहिला. बद्रुद्दीन आत शिरला, कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि रिकाम्या लेण्याला इंग्रजीत सलाम केला. आत वटवाघळांचा वास होता आणि जुन्या पाण्याचा गारवा. कवडसा आला. पण तो त्याच्यावर येईना. दोन हात डावीकडे, भिंतीपाशी, एका जागी येऊन थांबला.

"काळू! उजवीकडे घे!"

कवडसा हलला नाही. बद्रुद्दीन बोलत राहिला. तो थांबला तेव्हा कवडसा मात्र सावकाश चालू लागला. खांबावर गेला, नक्षीवर गेला, जरा थांबला... जणू कुणी तिथे विनोद सांगत असावं... आणि मग मूर्तीच्या मुखावर. वेळ अगदी रहेमानची. बद्रुद्दीनच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्याहून जास्त त्याला राग आला.

बाहेर येऊन तो ओरडला, "माझ्यावर धर म्हणालो ना तुला?"

काळूने आरसा खाली टेकवला. "तुमच्यावर कशापायी? तुमी तर बाजूला हुबे व्हते. बोलत व्हते ते फेटेवाले."

"कोण फेटेवाले?"

"तेच, उंच हायत ते." काळूने आत पाहिलं. "कपडे लय वले हायत त्यांचे."

बद्रुद्दीन तसाच डोंगर उतरला. रात्री त्याने जेवण टाळलं. पण काम सोडावं असं त्याच्या मनाला एकदाही शिवलं नाही. मेलेल्या माणसाने जागा अडवून धरायची म्हणजे काय! बारा वर्षं अडवली ती पुरे नाही झाली?

दुसऱ्या दिवशी चार मोटारींतून बावीस पाहुणे आले. पहिली मोटार चिमाजी ड्रायव्हरची. तो बद्रुद्दीनला वर्षानुवर्षं 'ए बद्रू' म्हणायचा, पण आज स्टेशनात त्याने पुढची सीट झटकून दिली होती. "बसा बद्रुद्दीनभाई. गाईडची जागा तुमचीच आता." ते ऐकून बद्रुद्दीनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पायऱ्या चढताना साहेबांनी त्याला प्रश्न विचारले. एका म्हाताऱ्या मडमेने नाव विचारलं. त्याने अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं, पण ती धापा टाकत होती, तिने लिहून घेतलं नाही.

साडेअकराला सगळे लेण्याच्या दारात. ऊन खडकावर लख्ख. पाहुणे आत शिरले आणि बद्रुद्दीन त्यांच्या मागे निघाला, तेवढ्यात काळूने त्याच्या हातात आरसा दिला.

"हे काय?"

"तुमीच धरा." काळू अगदी हळू बोलत होता. "त्यांनी सांगितलंय... ह्ये काम तुमचं हाय म्हनून."

आणि तो मागे न पाहता पायऱ्या उतरून गेला.

आत बावीस माणसं काळोखात उभी. कुणीतरी हसत हाक मारली, दिवा कुठे आहे म्हणून. बद्रुद्दीनने मनाशी हिशेब केला. आरसा दगडांत खोचून ठेवू, उजेड आत गेला की धावत जाऊन बोलायला लागू. तो खडकावर चढला, आरसा धरला, कवडसा दारातून आत गेला.

आत कुणीतरी बोलायला लागलं.

शब्द कळत नव्हते. आवाजाची चढउतार कळत होती. ती त्याने बारा वर्षं याच खडकावरून ऐकली होती. इथे हसतील, असं त्याला वाटलं, आणि ते हसले. इथे खांबाकडे. त्याचे हात आपोआप खांबाकडे वळले. त्याला आरसा टाकून पळायचं होतं. हात ऐकत नव्हते. इथे नक्षी... इथे थांब... आता मुख. आतून 'आहा' आला, आणि बद्रुद्दीनच्या तोंडून हुंदका. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्यातही त्याला हेच वाटलं, की हा मेला मरूनसुद्धा माझ्यापेक्षा बरा बोलतो!

मग एक नवीन गोष्ट झाली. मुखानंतर रहेमान कधी बोलत नसे. आज आवाज थांबला नाही. हळू, सावकाश बोलत राहिला. आत कुणी हसत नव्हतं, कुणी खोकतही नव्हतं. आणि मधेच एक शब्द बाहेर स्वच्छ ऐकू आला.

"बद्रुद्दीन."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. बारा वर्षांत त्या लेण्यात ते नाव एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं.

पाहुणे बाहेर आले ते डोळ्यांवर हात धरून. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. नाव विचारणारी ती म्हातारी मडम मात्र त्याच्यापाशी थांबली. जणू त्याला प्रथमच पाहत असावी तशी, आरसेवाल्याला इंग्रजी येत नसेल असं समजून ती एकेक शब्द सुटा करून बोलली.

"तुमच्या गाईडने शेवटी फार भयंकर गोष्ट सांगितली. दोन मित्रांची. एकाने दुसऱ्याचा उजेड काढून घेतला." तिने वही उघडून दाखवली. पानावर नीट अक्षरांत लिहिलं होतं: बद्रुद्दीन. "आम्ही सगळ्यांनीच हे नाव लिहून घेतलं. तो म्हणाला, विसरू नका. हा माणूस अजून जिवंत आहे का हो?"

बद्रुद्दीनने आरसा छातीशी घट्ट धरला. तिने दयेने मान हलवली आणि इतरांमागे पायऱ्यांकडे गेली.

तो वाट पाहत राहिला. लेण्यातून आणखी कुणी बाहेर आलं नाही. मग भान आलं की खाली मोटारी सुरू होताहेत, पुढे डाकबंगला आहे, रामकुंड आहे, अर्धा दिवस उरला आहे, आणि तो दिवस आपला आहे. तो आरसा काखेत मारून धावत सुटला. दोनशे पायऱ्या उतरेपर्यंत मागच्या तीन मोटारी रस्त्याला लागल्या होत्या. चिमाजीची तेवढी उभी होती.

"थांब! चिमाजी, थांब! मी राहिलोय!"

चिमाजीने मान बाहेर काढली. चेहरा नेहमीचाच होता, जरा त्रासलेला.

"ए बद्रू, ओरडतो काय असा? साहेबलोक बसलेत मागं."

"अरे, गाईड राहिला ना!"

"गाईड राहिला कसा? हे काय, बसलेत की पुढं." चिमाजीने शेजारच्या सीटकडे हात केला. त्या बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती. "आरसेवाल्याला गाडीत जागा कधी होती का रे? आरसा घेऊन ये चालत मागून. सांभाळून आण, फोडशील."

मोटार निघाली. बद्रुद्दीन धुळीत उभा राहिला. धूळ खाली बसली तेव्हा त्याने पाहिलं, वळणापर्यंत सगळा रस्ता कोरडा होता. फक्त डाव्या चाकाच्या कडेने, पुढच्या दाराखालून पडत गेलेली पाण्याची एक बारीक ओळ होती.