बाहेर थांबणारी

मंद खोलीचं बुकिंग करायला गेलं की हॉटेलवाले आधी आजार विचारत नाहीत, वयही विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाहेर कोण थांबणार?"

"मी," मृण्मयी कोठावदे म्हणाली. शेजारी तिचा नवरा तन्मय बसला होता. त्याचा डावा हात हल्ली टेबलावर ठेवला तरी थरथरायचा, म्हणून त्याने तो मांडीखाली दाबून धरला होता. नऊ वर्षांची ओवी स्वागतकक्षातल्या मत्स्यालयाला नाक लावून उभी होती.

नाशिकचं हॉटेल गोदाश्री हे मध्यम प्रतीचं, तुमच्याआमच्यासारख्यांचं हॉटेल होतं. सरकारी इस्पितळांतले मंद कक्ष कायम भरलेले असत. पंचतारांकित हॉटेलांतल्या खोल्या इतक्या मंद असत की तिथे धनिक मंडळी पणतवंडांची लग्नं बघायला म्हणून झोपायला जात. गोदाश्रीचा हिशोब साधा होता. आत एक तास गेला की बाहेर एक वर्ष जायचं.

आता माणूस मरणाच्या भीतीने खोली घेतोय म्हटल्यावर त्याने काय विचारावं? पण तन्मय हाडाचा मध्यमवर्गीय. गरम पाणी चोवीस तास असतं का, नाश्ता धरून आहे का, हे त्याने विचारलंच. खोलीला खिडकी नसते हे ठाऊक असूनही "कुठल्या बाजूची मिळेल?" असंही विचारलं. मृण्मयीने त्याला कोपराने ढोसलं. त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली.

अशा प्रत्येक हॉटेलात एक शास्त्रज्ञ नेमणं कायद्याने बंधनकारक होतं. गोदाश्रीत डॉ. निरंजन शिरोडे होते. तरुण वयातच टक्कल पडलेले, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे नीट बघणारे.

"काळ सगळीकडे एकाच वेगाने चालत नाही, हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "एखाद्या अतिशय जड ताऱ्याजवळ घड्याळ हळू चालतं. आम्ही ताऱ्याशिवाय तोच परिणाम खोलीत आणतो. त्याला म्हणतात मंदक्षेत्र. पंख्याचा रेग्युलेटर कमी करतो ना आपण, तसं समजा. पंखा तोच, फिरणं हळू. आतली हवा, दिवे, घड्याळ, माणसाचं रक्त, त्याचा आजार, सगळं एकदम हळू. त्यामुळे आतल्याला काहीच वेगळं जाणवत नाही. त्याच्या लेखी तो एक रात्र झोपून उठतो."

"आणि आजार?"

"बरा होत नाही, मृण्मयीताई. फक्त तुमच्या मानाने थांबल्यासारखा होतो. यांच्या मज्जातंतूंवरचं औषध यायला सहा-सात वर्षं लागतील म्हणतात. इथे ती यांच्या एका झोपेत निघून जातील."

"औषध आलं की तुम्ही दार उघडणार?"

"नाही. ते मात्र कुणालाच बाहेरून जमत नाही." डॉक्टरांनी समोरच्या कागदावर चौकोन काढून त्याच्या मध्यावर एक गोल काढला. "बाहेरून क्षेत्र तोडलं तर खोलीचा एक कोपरा आधी भानावर येतो, दुसरा नंतर. माणूस मध्ये सापडला तर त्याचं अर्धं शरीर या महिन्यात आणि अर्धं मागच्या महिन्यात. म्हणून आतल्यानेच या गोलात उभं राहून बटण दाबायचं. मग क्षेत्र हळूहळू ओसरतं. याला आम्ही उतार म्हणतो. त्याची पाच मिनिटं, आपला एक महिना. आपण बाहेरून एवढंच करू शकतो, की घंटा वाजवायची आणि आतल्या भिंतीवरच्या फलकावर निरोप लिहायचा."

आत जाताना तन्मयने ओवीला उचलून घेतलं. थरथरत्या हाताने जमेना, तरी घेतलं. "सकाळी भेटू," तो म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

मृण्मयीची सात वर्षं मात्र सातच्या सात तिला जगावी लागली. ओवीचे दात पडून नवे आले, दहावी झाली, उंची आईच्या वर गेली. रविवारी दोघी गोदाश्रीच्या झरोक्यावर जायच्या. झरोका म्हणजे खोलीतलं दृश्य दाखवणारी मोठी काच. आतला प्रकाश बाहेर येईतो डोळ्यांना न दिसण्याइतका ताणला जायचा, मग यंत्र त्याचं पुन्हा चित्र बनवायचं. बाहेरच्या एका दिवसात आतले जेमतेम दहा सेकंद दिसायचे. नवरा कूस बदलतोय हे कळायला बायकोला दोन दिवस लागायचे. बाकीच्या खोल्यांतल्यांचे नातेवाईकही डबे घेऊन यायचे, एकमेकांना चिवडा द्यायचे, "आमच्यांनी पांघरूण काढलं बरं का" असं कौतुकाने सांगायचे. इतक्या विचित्र गोष्टीचीसुद्धा माणसाला सवय होते.

सातव्या वर्षी, श्रावणात, औषध आलं. आणि त्याच श्रावणात मृण्मयीच्या पोटात दुखायचं निमित्त झालं. स्वादुपिंडात गाठ निघाली, तीही पसरलेली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. सहा महिने, म्हणाल्या. तन्मयच्या औषधाचा या आजाराला काही उपयोग नव्हता.

"तुम्हीही खोली घेऊ शकला असता," शिरोडे फार खालच्या आवाजात म्हणाले. त्यांच्या उरल्यासुरल्या केसांतही आता पांढरे दिसत होते. "पण नंबर लागायला दोन वर्षं आहेत. मी सगळीकडे विचारून बघितलं."

"आणि लागला असता तरी ओवीसाठी बाहेर कोण थांबलं असतं?" मृण्मयी म्हणाली. "जाऊ द्या. निरोप लिहूया."

तिने लिहिलं, "औषध मिळालं. आम्ही दोघी मजेत आहोत. काळजी करू नकोस. नीट आवरून, खाऊन ये."

डॉक्टरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "तुमच्या तब्येतीचं लिहिलंच नाहीत."

"झोपेतून उठलेल्या माणसाला असलं सांगतात का? तोंड धुतलेलं नाही, पोटात चहाचा घोट नाही. 'लगेच ये' लिहिलं तरी त्याचा चहा तसाच राहील. आमच्याकडे माणूस घरी येतो, पाणी पितो, दोन घास खातो, मग त्याला सांगतात. एकदा कळलं की अन्न जात नाही."

"ताई, त्याचं एक मिनिट म्हणजे तुमचे सहा दिवस."

"माहीत आहे हो. घरी तो पंधरा मिनिटांत तयार होतो. तीन महिने. वर उताराचा एक. तरी दोन महिने हातात राहतात. दोन महिने पुष्कळ झाले."

हे ऐकणारा कुणीही तिला वेडी म्हणेल. पण आपल्यातल्या कितीजणांनी परगावच्या माणसाला आईच्या आजाराऐवजी "सगळं ठीक आहे" कळवलंय, ते आठवून बघावं. ही चूक प्रेमाने होते आणि ती करणाऱ्याला आपण शहाणपणाने वागलो असंच वाटतं.

गणपती बसले त्या आठवड्यात घंटेच्या आवाजाने तन्मय उठून बसला. गौरी गेल्या तेव्हा तो फलकाकडे बघत होता. पुढच्या चार दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. मृण्मयी रोज जाऊन बघायची. काल ओठांच्या कडेला होतं, आज डोळ्यांत आलं. सात वर्षांत तिला कुणी इतका वेळ हसून दाखवलं नव्हतं. तिच्या अंगात तेव्हा चालण्याचं बळ होतं.

मग तो आनंदाने पलंगावर नुसताच बसून राहिला. तेवढ्यात नवरात्र गेलं. नंतर त्याने बॅग उघडली, एक सदरा काढला, ठेवला, दुसरा काढला. बायकोला भेटायचं म्हणून माणूस सदरा निवडतोय हे बघून ओवीला हसू आलं, आणि मृण्मयीने मनातल्या मनात आठवडे मोजले. दिवाळीच्या तोंडावर तो न्हाणीघरात गेला आणि दार लागलं.

घरी तन्मयची आंघोळ म्हणजे बादलीभर पाण्याचा मामला. इथे गरम पाण्याचा फवारा होता, न संपणारा, आणि सगळं संकट टळलंय असं त्याला त्याच्या बायकोनेच कळवलेलं. हॉटेलातल्या आंघोळीला घरच्यापेक्षा वेळ लागतो, हे मृण्मयीच्या हिशोबात आलंच नव्हतं. न्हाणीघरात फलक नसतो आणि झरोकाही नसतो. दिवाळी गेली, तुळशीची लग्नं लागली. झरोक्यात एक बंद दार तेवढं दिसत होतं.

मार्गशीर्षात मृण्मयी चाकाच्या खुर्चीवर आली. ओवीने त्या दिवशी कुणालाही न विचारता फलकावरचा निरोप बदलायला लावला. "आईला बरं नाही. लगेच ये." घंटाही वाजवली. पण पाण्याच्या आवाजात ती त्याला ऐकू गेली नसावी. संक्रांतीलाही दार बंदच होतं. ओवी काचेवर मुठी आपटायची, "बाबा, बास ना आता!" म्हणून ओरडायची. शिरोडे तिला आवरायला जायचे आणि स्वतःच तोंड फिरवून उभे राहायचे.

माघ संपता संपता न्हाणीघराची कडी हलली. तन्मय बाहेर आला, टॉवेलने डोकं पुसत, गाणं गुणगुणत असावा अशा तोंडाने. मृण्मयीला तोवर पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच ओवीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आठवडा, फार तर दहा दिवस.

"एक-दोन दिवसांत त्याची नजर फलकाकडे जाईल," शिरोडे म्हणाले.

"आणि वाचल्या वाचल्या बटण दाबलं तर?"

"उताराचा एक महिना लागेलच."

मृण्मयीने काचेतल्या त्याच्या ओल्या केसांकडे बघितलं. मग म्हणाली, "ओवीचा निरोप पुसा. माझा पहिला पुन्हा लावा. मी काही त्याला सापडत नाही. निदान नाश्ता तरी सुखाने करू दे त्याला. उपाशीपोटी हे कळून काय मिळणार आहे?"

शिरोड्यांचा हात कळफलकाकडे गेला. ओवीने तो धरला.

"त्याचा नाश्ता म्हणजे किती महिने, आई?"

मृण्मयी बोटांवर मोजू लागली.

"चार? पाच? तेवढे दिवस मी घरात एकटी राहणार. रोज इथे येऊन बघणार, बाबा पोळीला लोणी लावतोय. आणि मग तो बाहेर आला की त्याला सांगायचं कुणी? मीच ना? सात वर्षं तू त्याचीच काळजी केलीस. मला नाही का कुणी लागणार?" ती रडत होती. सोळा वर्षांची मुलगी होती ती, आणि इतके महिने तिने आईसमोर एकदाही रडून दाखवलं नव्हतं.

मृण्मयीला लाज वाटली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाहेर थांबणारी आपण एकटीच आहोत. तिच्याशेजारी एक मूल थांबून थांबून मोठं झालं होतं, आणि कुठल्याही बुकिंगमध्ये त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. तिने ओवीला जवळ ओढलं. जमेल तितकं घट्ट धरलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "'आईला बरं नाही' वाचून तो कपडे करेल. बूट घालेल. मला ओळखतो तो, थोडं दुखलं खुपलं असेल म्हणेल. तो तसाच्या तसा निघाला पाहिजे. मी सांगते ते लिहा."

तिने सांगितलं. शिरोड्यांनी दोन अक्षरं लिहिली आणि थांबले. "ताई, हे मी लिहू शकत नाही. तुम्ही समोर बसला आहात."

"तो उतार संपवून बाहेर यायच्या आत ते खरं झालेलं असेल. लिहा."

शेवटी ते ओवीने लिहिलं. आईने एकेक शब्द सांगितला आणि मुलीने एकेक शब्द उमटवला. "तन्मय, मी गेले. ओवी एकटी आहे. तसाच ये."

घंटा वाजवली गेली. मृण्मयीने इस्पितळात परत जायला नकार दिला, तेव्हा तिचा पलंग झरोक्यासमोरच टाकला. दुसऱ्या दिवशी तन्मयची मान वळली. तिसऱ्या दिवशी डोळे फलकावर होते आणि चेहऱ्यावर आंघोळीनंतरचं ताजं हसू तसंच होतं. ते जायला दीड दिवस लागला. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. हातातला टॉवेल सुटला आणि खाली पडत राहिला. ओवीला बघवेना, पण मृण्मयीने नजर काढली नाही. आपल्यामागे आपल्या माणसाचं काय होतं हे जगात कुणाला बघायला मिळत नाही, आणि मिळू नये हेच बरं. तिला ते इंच इंच बघावं लागलं.

पाचव्या दिवशी तो गोलाकडे धावायला निघालेला होता. एक पाय जमिनीवर, एक हवेत, उजवा हात बटणाच्या दिशेने आणि तोंड रडण्यासाठी उघडलेलं. हाक मारत असावा. कुणाला, ते ओठांवरून ओळखू येत होतं.

मृण्मयीने ओवीच्या आधाराने हात उचलला आणि काचेवर, त्याच्या गालावर ठेवला.

"अरे," ती म्हणाली, "आहे मी अजून."